१९६१ पूर्वीचा कागद

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. सरकारी भरतीत तिची निवड झाली होती. हातातल्या फाइलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, जातीचा दाखला असं सगळं नीट लावलेलं. नव्हतं ते फक्त जात वैधता प्रमाणपत्र. “काका, १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. तुम्ही मोडी वाचता असं कळलं.”

मी मोडी शिकलो ती घरातल्या जुन्या गहाणखतांवरून, चुकतमाकत. पदवी कसलीच नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांचे फोन वाजू लागले, त्यात माझाही वाजला. तोवर हा छंद रिकामटेकडेपणाच समजला जाई.

मुलगी वडार समाजाची. घरी बोलतात ती तेलुगूच्या नात्यातली वडारी. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी महाराष्ट्रात मानीव दिनांक आहे २१ नोव्हेंबर १९६१. अनुसूचित जातींसाठी तो १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी कुटुंब या राज्यात राहत होतं, हे दाखवायचं असतं. शिवाय कागद जितका जुना तितकं त्याचं वजन अधिक, कारण सवलती येण्यापूर्वी खोटी जात लिहिण्यात कुणाचा फायदा नव्हता. बनावट दाखल्यांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं घडली होतीच. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील खटल्यात पडताळणी समित्या आणि दक्षता पथकं यांची घडी घालून दिली आणि १८ ऑक्टोबर २००१ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा लागू झाला. त्याच्या कलम ८ प्रमाणे जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो.

तर्क बिनचूक आहे. पण तो एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, सातबारा असलेल्या, शाळेत गेलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. या मुलीच्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात आहे, पण ते १९७४ चं. जन्मतारीख अर्थातच १ जून. जून महिन्यात शाळा उघडायची आणि तारीख ठाऊक नसलेल्या पोराला गुरुजी तीच द्यायचे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. जमीन नाही, म्हणून फेरफार नाही. घर नव्हतं, पाल होतं.

अशा माणसाचं नाव सरकारदप्तरी कुठे सापडेल? मला एकच जागा सुचली: गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची वही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण गेलं याची वर्दी कोतवालानं द्यायची आणि ती वहीत चढायची. ही वही इंग्रज सरकारनं लोकांच्या सोयीसाठी ठेवली नव्हती. पटकी, देवी, ताप, हगवण यांनी किती माणसं दगावली याचे आकडे वर कळवायचे होते. त्यात जातीचा रकाना असे. जन्मलेल्या बाळाचं नाव बहुधा नसेच, कारण बारशाआधीच वर्दी जाई. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, एवढंच. आईचा पत्ता नाही.

पण वही कोणत्या गावची? इथे मोडीपेक्षा दुसरीच माहिती उपयोगी पडली. आजोबा नव्वदीचे आहेत. ते म्हणाले, “आमचा बा धरणाच्या पाटावर होता.” कोणतं धरण, ते त्यांना सांगता येईना. मात्र ते ‘परवरा’ म्हणत होते. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचे दोन कालवे संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापासून निघतात. दगड फोडणं, माती उपसणं हे वडारांचं काम. तेव्हा पालं कालव्याच्या कडेनंच पडत गेली असणार. मी नकाशावर दोन्ही कालवे रेघेनं ओढले आणि काठची गावं उतरवून काढली. एकवीस निघाली.

पुढचे चार महिने त्या रुमालांमध्ये गेले. ‘रुमाल’ म्हणजे दप्तर बांधायचं कापड, वाचकांना ठाऊक असेलच. एका अभिलेख कक्षात वह्या नाहीत असं सांगितलं गेलं. तिसऱ्या खेपेला त्याच कपाटावर त्या सापडल्या. कित्येक पानं वाळवीनं चाळणी केलेली, काही हात लावताच तुटत. लिहिणाऱ्याचं मोडी भरभर आणि शिरोरेषेला लटकवल्यासारखं. ‘वडार’ मी आधी दोनदा ‘वडील’ वाचलं. मोडीत घाई केली की असं होतं.

चौदाव्या गावात नोंद मिळाली. १९२४ सालचा मृत्यू. नाव नाही, फक्त अमक्याचा मुलगा. वय चार महिने. जात वडार. कारण ताप. राहणार या रकान्यात ‘पाटावर’. बापाच्या नावापुढे त्याच्या बापाचंही नाव होतं, आणि दोन्ही नावं मुलीच्या वंशावळीतल्या नावांशी जुळत होती.

मुलीनं ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “जन्माची नोंद नाही?” मी मागची पानं पाहिली. नव्हती. बाळ दुसऱ्याच कुठल्यातरी मुक्कामावर जन्मलं असावं. ज्या गावी ते गेलं, तिथल्या कोतवालानं मात्र इमानेइतबारे वर्दी दिली होती.

साक्षांकित नक्कल काढली, वंशावळीचं शपथपत्र जोडलं. दक्षता पथक घरी येऊन गेलं, चालीरीती विचारून गेलं. फेब्रुवारीत प्रमाणपत्र हाती आलं आणि मुलगी रुजू झाली.

पण मला आठवतो तो नक्कल मिळाल्याच्या संध्याकाळचा प्रसंग. आम्ही ती घरी नेली. आजोबांना मोडीच काय, बालबोधही येत नाही. मी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले आणि नातीला म्हणाले, “म्हंजी थोरला मी न्हवतो.”