मैदान, घर आणि 'मोकळी' जमीन

लखनौच्या गोमतीनगरात नवख्या माणसाची पत्ता शोधताना हमखास फसगत होते. विपुल खंड, विवेक खंड, विशाल खंड, विनय खंड, विराम खंड, विभूती खंड अशी जवळजवळ सगळ्याच विभागांची नावे 'वि'ने सुरू होतात. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ही नामावली उपसर्गांच्या तक्त्यासारखी वाटते. नावे ठेवणाऱ्याची दृष्टी काव्याची होती की कारकुनाची, हे मला अद्याप उमगलेले नाही. असो.

सकाळच्या फेरफटक्यात माझ्या सोबतीला शेजारचे एक निवृत्त अभियंता असतात. परवा त्यांनी एक प्रस्ताव मांडला. "साहब, एकाना स्टेडियम झाले, मोठे सामने तिकडे गेले. मग शहराच्या मधोमध ते जुने के. डी. सिंह बाबू स्टेडियम कशाला अडवून ठेवायचे? मेट्रोचे स्टेशन दारात आहे. पाडा आणि घरे बांधा. हजारो कुटुंबांची सोय होईल." अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे म्हणणे एकदम झिडकारता येईना. जमिनीच्या एका उपयोगापायी दुसरा जो उत्तम उपयोग आपण गमावतो, त्याचे संधीमूल्य मोजलेच पाहिजे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले गेले होते. तरीही मन मानेना. ते का मानेना, याचा शोध घेताना बरेच जुने कागद चाळावे लागले.

प्रथम लखनौचीच हकीकत. या शहरात कसोटी सामने दोनच झाले, आणि दोन्ही वेगवेगळ्या मैदानांवर. ऑक्टोबर 1952 मध्ये गोमतीकाठच्या विद्यापीठाच्या मैदानावर, तागाच्या मॅटिंगवर, पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. फझल महमूदने सामन्यात 12 बळी घेतले. त्यानंतर थेट जानेवारी 1994 मध्ये श्रीलंकेविरुद्धचा सामना झाला, तो आमच्या चर्चेतल्या स्टेडियमवर. अनिल कुंबळेने त्यात 11 बळी घेतले. ज्यांचे नाव या स्टेडियमला आहे ते के. डी. सिंह 'बाबू' मात्र क्रिकेटपटू नव्हेत. ते बाराबंकीचे, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. पुढे गोमतीनगरच्याही पलीकडे, शहीद पथालगत, सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुमारे 50,000 प्रेक्षकांचे एकाना उभे राहिले. तेथे नोव्हेंबर 2018 मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये रहाणेच्या मुंबई संघाने इराणी करंडक जिंकला तोही येथेच. त्या दिवशी लखनौतल्या मराठी घरांतून पेढे वाटले गेले, हे जाता जाता नोंदवतो.

म्हणजे शेजाऱ्यांच्या म्हणण्यातला निम्मा भाग खरा आहे. मोठे क्रिकेट जुन्या स्टेडियममधून गेले. परंतु धावणारी, पोहणारी, हॉकी खेळणारी मुले तेथून गेलेली नाहीत.

स्टेडियमची घरे करण्याची कल्पना नवी नाही. दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे रोमनांनी पहिल्या शतकाच्या अखेरीस सुमारे 20,000 प्रेक्षकांचे क्रीडागृह बांधले. साम्राज्य कोसळल्यावर लोकांनी त्याच्या दगडी भिंतींचा तट केला आणि आत 200 हून अधिक घरे व दोन प्रार्थनामंदिरे उभारली. कित्येक शतके ते एक गावच होते. इटलीतील लुक्का येथे तर क्रीडागृहाच्या लंबवर्तुळावरच घरे उठली, ती आजही वापरात आहेत. मौजेची गोष्ट अशी की 19व्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्ही गावांनी आतली दाटी काढून मधली जागा पुन्हा मोकळी केली. आर्लमधून घरे सगळीच गेली. लुक्कामध्ये कडेची राहिली आणि मधोमध चौक आला.

अलीकडचे नामांकित उदाहरण लंडनचे. आर्सेनल क्लब 1913 पासून हायबरीच्या मैदानावर खेळत असे. जागा एका धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाची होती, आणि मूळ भाडेपट्ट्यात गुड फ्रायडे व नाताळच्या दिवशी सामना न खेळण्याची अट होती. 1925 मध्ये क्लबने ती जागा विकत घेतली. 2006 मध्ये क्लब नव्या स्टेडियमात गेला, आणि 2009 पर्यंत हायबरीत सातशेच्या आसपास सदनिका उभ्या राहिल्या. पूर्व व पश्चिम स्टँडचे जुने दर्शनी भाग राखून मागे घरे बांधली. खेळपट्टीच्या जागी रहिवाशांची बाग केली. काम देखणे आहे, यात शंका नाही. पण त्या जमिनीचा मालक क्लब होता, विकासक क्लब होता आणि नफा-तोट्याचा धनीही क्लबच होता. 2008 च्या मंदीत सदनिका खपेनात तेव्हा धसका घेतला तो क्लबच्या संचालकांनी. कोणा शेतकऱ्याची जमीन सार्वजनिक हितासाठी म्हणून घेऊन तेथे हे झाले नव्हते.

आमच्याकडे प्रश्न नेमका येथे वळण घेतो, आणि तो समजण्यासाठी मुंबईकडे वळावे लागते. मध्य मुंबईतील कापडगिरण्यांच्या जमिनी सुमारे 600 एकर. 1982 च्या संपानंतर बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58व्या नियमाने ढोबळमानाने असा हिशेब घातला: विकास करायचा असेल तर एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया समितीने या जमिनींचा सुटासुटा नव्हे तर एकत्रित विचार करावा, असे सुचवले. आणि 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी व्हायची ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची. ज्यावर आधीच इमारत उभी आहे ती जमीन, इमारत पाडली तरी, वाटणीत धरायची नाही. गिरणी म्हणजे बव्हंशी इमारतीच. तेव्हा वाटायला उरले किती, हे वाचकांनीच ताडावे. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती 2012 मध्ये. अर्जदार लाखाच्या वर, घरे काही हजार.

मी तीस वर्षे फायलींत काढली आहेत. योजनेचे भवितव्य भाषणात नव्हे, व्याख्येच्या कलमात ठरते, हे मला ठाऊक होते. परंतु एका विशेषणाने एका शहराचा मध्यभाग इतका बदलल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

त्याच मुंबईत दक्षिणेला, एकमेकांपासून किलोमीटरभराच्या आत, दोन स्टेडियमे आहेत. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न 1937 चे, बॅक बेच्या भरावावरचे. तिकिटांच्या वाटपावरून क्लब व मुंबई क्रिकेट संघटना यांचे बिनसले, आणि 1975 मध्ये वानखेडे उभे राहिले. 1973 नंतर ब्रेबॉर्नवर पुढचा कसोटी सामना झाला तो थेट 2009 मध्ये. मधली 36 वर्षे देशातील महागड्यांत महाग जमिनीवरील हे मैदान कसोटीविना होते. तरी ते गिरण्यांच्या वाटेने गेले नाही. ते जाऊ नये हेच बरे. मुद्दा एवढाच की कोणती जमीन 'पडीक' ठरते, हे तेथे कोण बसले आहे यावरही अवलंबून असते. कामगार गेले की जमीन मोकळी होते, सभासद बसलेले असले की ती वारसा होते. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. 2024 मध्ये 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे ठरले, हा त्यातल्या त्यात समाधानाचा भाग.

पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विचारवंत 1916 साली लखनौत होता. त्याने या शहराच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. पुढे 1919 मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, आणि आपले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्याच प्रेरणेने या विषयात आले. जुन्या वस्तीवर सरसकट कुदळ चालवू नये, नेमके तेवढेच काढावे, अशी त्याची पद्धत होती. आधी पाहणी, मग आराखडा. जुन्या स्टेडियमपासून जवळच, कैसरबागेत, त्याचा एक नकळत झालेला दाखला सापडतो. पंडित भातखंड्यांनी 1926 मध्ये स्थापन केलेले संगीत महाविद्यालय आज वाजिद अली शहाच्या परीखान्यात नांदते. इमारत तीच राहिली, गाणेही राहिले; ऐकणारे बदलले.

तेव्हा उद्या जुन्या स्टेडियमचा प्रस्ताव खरोखरच फायलीवर आला, तर मी त्यावर काय लिहीन? प्रेक्षकांच्या कठड्यांखालची, वाहनतळाची, वापरात नसलेल्या दालनांची जागा घरांना देण्यास माझी हरकत नसेल. धावण्याचा मार्ग आणि पोहण्याचा तलाव यांना हात लावू नये. 'मोकळी जमीन' म्हणजे काय, हे निविदेपूर्वी एका वाक्यात लिहून घ्यावे, आणि ते वाक्य नंतर बदलायचे झाल्यास विधिमंडळासमोर जावे. घरे कोणाला, किती, कोणत्या किमतीला, हेही आधीच ठरावे.

हे सगळे मी शेजाऱ्यांना ऐकवले. शेवटी एक प्रश्नही विचारला. आपण चालत होतो ती जमीन उजरियांव, जुगौली अशा गावांची. 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली, सार्वजनिक प्रयोजन म्हणून, शेते घेऊन विकास प्राधिकरणाने येथे भूखंड पाडले. म्हणजे आपली घरे हाही जमिनीचा पालटलेला उपयोगच. तुमच्या भूखंडाचा मूळ खातेदार कोण होता, त्याला किती मोबदला मिळाला?

ते चालता चालता थांबले. "साहब, वाटपपत्र कपाटात आहे. तीस वर्षांत उघडून पाहिले नाही."

दुसऱ्या दिवशी ते फिरायला आले ते कागदांची पिवळी पडलेली पिशवी घेऊनच. खातेदाराचे नाव त्यात कोठेही नव्हते. गाटा क्रमांक मात्र होता. आता तहसिलीत जाऊन जुनी खतौनी काढायची, असे आमचे ठरले आहे.