गरजांची यादी आणि आकृतिबंधांची भाषा

क्रिस्टोफर अलेक्झांडर (१९३६–२०२२) यांनी वास्तुरचनेला प्रथम गणिताची शिस्त लावू पाहिली आणि पुढे ते भाषेच्या उपमानाकडे वळले. हे स्थित्यंतर का घडले, याचा एक धागा त्यांनी अभ्यासिलेल्या भारतीय खेड्यातच सापडतो.

‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ (१९६४) या ग्रंथात रचनेचा प्रश्न म्हणजे परस्परावलंबी गरजांची प्रणाली, असे गृहीत धरले आहे. सहाशे वस्तीच्या खेड्याच्या १४१ गरजा नोंदवून, कोणती गरज कोणत्या गरजेस पोषक वा बाधक आहे हे ठरवून, त्यांची चार मोठ्या व बारा लहान गटांत विभागणी केलेली आहे. या यादीत हरिजनांना अपवित्र मानण्याची रूढी ही एक नोंद आहे आणि अस्पृश्यतानिवारण ही दुसरी! ग्रामस्थांच्या जाणिवा, चालू रूढी आणि राष्ट्रीय उद्दिष्टे गणितात समान पातळीवर येतात. दोन नोंदी परस्परांशी निगडित आहेत, एवढेच गणित सांगते; त्यांपैकी कोणती टिकावी, याविषयी ते मौन पाळते.

१९६५ साली ‘अ सिटी इज नॉट अ ट्री’ या निबंधात अलेक्झांडर यांनी विभागणीचा हा साचाच अपुरा ठरविला. जिवंत शहरातील घटक एकाच वेळी अनेक समूहांत मोडतात. चंडीगढसारखी नियोजित नगरे मात्र वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे विभागलेली असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७१ च्या प्रस्तावनेत तर त्यांनी रचनापद्धतींच्या स्वतंत्र अभ्यासाचाच त्याग केला.

सहकाऱ्यांसमवेत लिहिलेल्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) मध्ये २५३ आकृतिबंध आहेत. प्रत्येकात परिस्थिती, प्रश्न व उपाय साध्या गद्यात मांडलेले असून तो आपल्याहून मोठ्या व लहान आकृतिबंधांशी जोडलेला आहे. शब्दांपासून वाक्य, तशी आकृतिबंधांपासून वास्तू, ही तुलना ‘द टाइमलेस वे ऑफ बिल्डिंग’ (१९७९) मध्ये स्पष्ट होते. शिवाय लेखकांचा विश्वास किती, हे प्रत्येक आकृतिबंधाजवळील तारकाचिन्हे दर्शवितात.

न्याय-अन्यायाचा निर्णय भाषाही करीत नाही, हे खरे. तथापि गणकयंत्राने पाडलेल्या गटाशी सामान्य ग्रामस्थाला वाद घालता येत नाही. साध्या गद्यातील विधानाशी तो घालता येतो. प्रणालीविचाराकडून भाषेकडे झालेल्या या वाटचालीचे खरे मोल, रचनेची गृहीतके अशी वादाच्या कक्षेत आली, यातच आहे.