कच्ची डाळ

दिवाळीच्या फराळाजवळ रसायनशास्त्र आणून ठेवले, तर घरची मंडळी मला उठवून लावतील. पण हा विषय मला भेटला तो चुलीपाशीच. आजोळ जळगावचे, त्यामुळे धुळ्याच्या आमच्या घरी तिकडच्या गिरणीतली तूरडाळ येई. मूठभर कच्चीच तोंडात टाकली की आजी हात धरी. “अरे, पोट दुखेल. शिजू दे आधी!” का दुखेल, हे मात्र तिला सांगता येत नसे.

हे कोडे उलगडणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या: कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. रामन यांची थोरवी मान्य करूनही ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अटीवर जागा मिळाली, आणि त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे इतर मुलींनाही दार उघडले. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा त्यांचा विषय तिथलाच. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट झाली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या पुन्हा कडधान्यांकडे वळल्या.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती सरळ राहत नाही. दुमडून, वळून तिला एक ठराविक घाट येतो, आणि जसा घाट तसे काम. आपल्या आतड्यातले ट्रिप्सिन हेही प्रथिनच. दुसऱ्या प्रथिनांच्या माळा तोडणे हा त्याचा धंदा. कच्च्या कडधान्यात त्याला अडवणारी प्रथिने असतात. त्यांचा एक कोपरा ट्रिप्सिनच्या खाचेत असा बसतो, की कुलपात भलतीच किल्ली अडकावी. वालासारख्या कडधान्यांतून अशी प्रथिने कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने १९५०च्या दशकात वेगळी काढली. पाणी खळखळू लागले की त्यांची घडी विस्कटते. माळ शाबूत राहते, पण तो कोपरा उरत नाही. पोटदुखीला इतरही कारणे असतात, पण अर्धवट पचन हे त्यांतले एक.

आमच्या कळण्यात ज्वारीबरोबर उडीद कच्चाच दळतात. भाकरीच्या कडा नीट भाजल्याखेरीज आजी ती तव्यावरून उतरवीत नसे. आम्ही ताट वाजवले तरी.