उलट सांस्कृतिक धक्का

उलट सांस्कृतिक धक्का (अन्य नाव: पुनःप्रवेशाचा धक्का) म्हणजे दीर्घकाळ परदेशात राहून मायदेशी परतलेल्या व्यक्तीला स्वतःच्याच समाजात जाणवणारे परकेपण होय. परदेशी जाताना माणूस वेगळेपणाची तयारी ठेवून निघतो. परतताना मात्र सारे ओळखीचेच असेल असे तो गृहीत धरतो. त्यामुळे हा धक्का अनेकदा अधिक अनपेक्षित ठरतो.

संकल्पना

परक्या देशात बसणाऱ्या 'सांस्कृतिक धक्क्या'ची संज्ञा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्या १९६० च्या लेखामुळे विशेष रूढ झाली. त्यापूर्वी, १९५५ मध्ये, स्वेर्रे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून 'यू' आकाराचा वक्र सुचवला होता: आरंभीचा उत्साह, नंतरची निराशा व अखेरचे समायोजन. मायदेशी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा अनुभवास येतो, असे सांगून जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्ये त्याचा 'डब्ल्यू' वक्र केला.

समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी 'द होमकमर' (१९४५) या निबंधात हा प्रश्न आधीच हाताळला होता. इथाकाच्या किनाऱ्यावर जागा झालेला ओडिसियस स्वतःचीच भूमी ओळखू शकत नाही, या प्रसंगापासून ते आरंभ करतात. दूर असताना घर आणि घर सोडून गेलेला माणूस दोघेही बदलतात, पण प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याचे जुनेच चित्र असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. परतलेल्याने केलेली साधी तुलनाही त्यामुळे घरच्यांना बढाई वाटू शकते. 'आमच्या तिकडे' या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये मराठी घरांतही थट्टेचा विषय होतात.

आंबेडकरांचा बडोद्यातील अनुभव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन या संदर्भात महत्त्वाचे आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला शिकले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी भारतात परतले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते नमूद करतात. बडोदा स्थानकावर उतरताच, राहायचे कोठे, या प्रश्नाने ती परत आली. अमेरिकेत शिकून आलेले काही परिचित शहरात होते, पण ते आपले स्वागत करतील याची त्यांना खात्री वाटेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावरील निर्जन, अडगळीने भरलेल्या दालनात कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडूनही आसरा न मिळाल्याने ते रात्रीच्या गाडीपर्यंत कमाठी बागेत थांबले आणि मुंबईस परतले.

समायोजनाच्या वक्रांत हा अनुभव बसत नाही. परतलेल्याने काही काळाने जुळवून घ्यावे, असे ते वक्र गृहीत धरतात; येथे मात्र जुळवून घेणे म्हणजे पुन्हा अस्पृश्यता मान्य करणे होते.

जपानमधील 'किकोकुशिजो'

पालकांच्या नोकरीमुळे परदेशात वाढून परतलेल्या मुलांना जपानमध्ये 'किकोकुशिजो' म्हणतात. त्यांच्या 'पुनर्समायोजना'साठी तेथे खास शैक्षणिक व्यवस्था उभी राहिली. पुढे विद्यापीठांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रवेशमार्गही ठेवले. मानववंशशास्त्रज्ञ रॉजर गुडमन यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात ही मुले पीडित नसून नवा सुस्थित वर्ग आहेत, असे मत मांडले.