मनोरुग्ण व व्यसनग्रस्तांच्या उपचारार्थ आंतरराज्य करार (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

एका राज्यातील मनोरुग्णास किंवा व्यसनग्रस्तास दुसऱ्या राज्यात उपचार मिळावेत, त्याच्या रवानगीस कायद्याचे अधिष्ठान असावे आणि खर्चाच्या बोजाविषयी तंटा उरू नये, या हेतूने अमेरिकेतील राज्यांनी परस्परांत केलेले करार. मनोरुग्णांची सरकारी इस्पितळे तेथे मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे, आणि रोग्यास सक्तीने इस्पितळात ठेवण्याचा न्यायालयाचा हुकूम शेजारच्या राज्यात आपोआप लागू होत नसल्यामुळे, अशा करारांची गरज उत्पन्न झाली.

या गरजेचे मूळ इंग्लंडच्या १६६२ च्या वास्तव्यविषयक कायद्यापर्यंत पोहोचते. ज्या गावी मनुष्याचे कायम वास्तव्य, त्याच गावाने त्याचा भार वाहावा आणि परक्या निराधारास त्याच्या ठिकाणी परत धाडावे, हे तत्त्व वसाहतवाल्यांबरोबर अमेरिकेत गेले व तेथे इतके रुजले, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही अनेक राज्ये रोग्याची अवस्था पाहण्याआधी त्याच्या वास्तव्याचा दाखला मागत. पोटासाठी राज्याराज्यांतून फिरणाऱ्या मजुराचे चित्त बिघडले म्हणजे त्याला आपला म्हणणारे राज्यच न सापडावे, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत शासनाला शोभणारी नव्हती.

सरकारी मनोरुग्णालयांतील रोग्यांची संख्या १९५५ साली सुमारे ५,५९,००० या उच्चांकास पोहोचली; त्याच सुमारास राज्यशासनांच्या परिषदेच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यविषयक आंतरराज्य कराराचा मसुदा सिद्ध झाला आणि पुढे बहुसंख्य राज्यांनी तो आपापल्या विधिमंडळांत कायदा म्हणून संमत केला. उपचाराची गरज असलेली व्यक्ती ज्या राज्यात प्रत्यक्ष उपस्थित असेल, तेथील इस्पितळात ती वास्तव्य वा नागरिकत्व यांचा विचार न होता उपचारास पात्र ठरेल, हे त्यातील तिसरे कलम म्हणजे तीन शतकांच्या रूढीचा स्पष्ट त्याग होय. रोग्यास अन्य राज्यात हलविताना त्याचे कुटुंब कोठे आहे, व्याधीचे स्वरूप काय आणि ती किती काळ टिकण्याचा संभव आहे, हे पाहावे असेही तेथे सांगितले आहे. रोगी आप्तांच्या जवळ असणे हा उपचाराचाच भाग मानला गेला, यात या कराराचे खरे मोल आहे. मात्र आगाऊ सूचना, वैद्यकीय व सामाजिक कागदपत्रे आणि रोग्याच्या तपासणीची संधी मिळून स्वीकारणाऱ्या राज्याने मान्यता दिल्यावाचून त्याच्यावर रोगी लादता येत नाही. अडवणुकीला येथे वाव राहतो. प्रवासाचा खर्च पाठविणाऱ्या राज्याकडे असतो. फौजदारी शिक्षा भोगणाऱ्यांना हा करार लागू नाही.

सीमेवरील लोकवस्तीसाठी मात्र ही व्यवस्था अपुरी पडते. रेड नदीच्या एका तीरावर मिनेसोटातील मूरहेड आणि दुसऱ्या तीरावर नॉर्थ डाकोटातील फार्गो; मिनेसोटातील डलूथ व विस्कॉन्सिनमधील सुपीरियर यांचीही तीच गोष्ट. अशा ठिकाणी जवळचे इस्पितळ पुष्कळदा परराज्यात पडते. म्हणून मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांनी शेजारी राज्यांतील संस्थांशी थेट करार करण्याची मुभा देणारे कायदे केले, आणि त्यांत व्यसनोपचार व नशा उतरविण्याच्या सेवा यांचाही समावेश केला. मिनेसोटाच्या कायद्यानुसार पाठविणाऱ्या राज्यातील न्यायालयाचा हुकूम स्वीकारणाऱ्या राज्यात मान्य होतो. सक्तीच्या उपचाराची मुदत, फेरतपासणी व मुदतवाढ या बाबतींत रोग्यावर पाठविणाऱ्या राज्याचाच कायदा चालतो. खर्च आणि ने-आण यांची तरतूद करारात आधीच करावी लागते, आणि केवळ उपचारासाठी राहिल्यामुळे रोग्यास तेथील कायम रहिवास प्राप्त होत नाही. परवानगीवाचून निघून गेलेल्या रोग्यास परत आणण्याची मुख्य जबाबदारी स्वीकारणाऱ्या राज्यावर असते.

मूळ करारातून एखादे राज्य बाहेर पडू इच्छील, तर लेखी सूचना दिल्यापासून एक वर्षाने त्याचा निर्णय अंमलात येतो. परंतु तोपर्यंत कराराखाली पाठविलेल्या वा आलेल्या कोणत्याही रोग्याची स्थिती त्यामुळे बदलत नाही.