नशिबाचं माप, व्हाया नागपूर
नोव्हेंबर २००८, नागपूरजवळच्या जामठ्याचं नवंकोरं स्टेडियम. भारताविरुद्ध कसोटी पदार्पणातच ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा २१५ धावा मोजून आठ बळी घेतो. दुसऱ्या डावात गांगुली कारकिर्दीतल्या शेवटच्या खेळीला उतरतो आणि पहिल्याच चेंडूवर क्रेझाच्याच हाती झेल देऊन परततो. सामन्यात बारा बळी! पुढच्याच महिन्यात पर्थला २०४ धावांत एक. तिसरी कसोटी क्रेझाच्या वाट्याला आलीच नाही.

यात कसब किती आणि नशीब किती? आकड्यांतून नशीब वजा करायची विद्या आली कुठून? बहुतेक जण जुगाराकडे बोट दाखवतात: फाशांच्या डावावरून गणितज्ञ पास्कल आणि फर्मा यांच्यात १६५४ साली झालेला पत्रव्यवहार. मला हे कूळ अर्धंच पटतं. फाशाच्या अंगी कसब नसतं. खेळाडूच्या आकड्यात कसब आणि नशीब कालवलेलं असतं. ते निवडायला माणसंच मोजावी लागली. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टनने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी मुलं तपासली. उंच आईबापांची मुलं उंचच निघाली, पण सरासरीपासूनचं अंतर दोन तृतीयांशावर आलं.

आता माझा लाडका दुवा. गाल्टनच्या प्रेरणेने १९०१ साली निघालेल्या ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाचे अंक केंब्रिजहून परतताना प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बोटीवर वाचले होते. १९२० साली नागपूरला सायन्स काँग्रेस भरली. तिथे प्राणिशास्त्रज्ञ अॅनन्डेल भेटले आणि कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियनांची शरीरमापं तपासायचं काम त्यांनी महालनोबिसांवर सोपवलं. १९२२ चा उंचीवरचा निबंध त्यातूनच आला. पुढे १९३१ साली महालनोबिसांची भारतीय सांख्यिकी संस्था उभी राहिली.

महालनोबिसांचा क्रिकेटशी काय संबंध, असं कुणी विचारेल. थेट काहीच नाही. पण टोकाचं माप सरासरीकडे सरकतं, हे गाल्टनचं कूळ एकच. संख्याशास्त्रज्ञ एफ्रन आणि मॉरिस यांनी १९७० च्या हंगामातले १८ बेसबॉलपटू घेतले, फलंदाजीच्या पहिल्या ४५ संधींतली प्रत्येकाची सरासरी सगळ्यांच्या सरासरीकडे ओढली, तर उरलेल्या हंगामाचा अंदाज सुधारला. आइस हॉकीतही संघाच्या फटक्यांपैकी गोल झालेल्यांचे टक्के आणि गोलरक्षकाने अडवलेल्यांचे टक्के मिळून शंभराच्या फार वर गेले, की जाणकार ‘आता उतरणार’ म्हणतात.

हेच माप क्रेझाला लावा. जामठ्याचे बारा बळी खाली येतात, हे सगळेच मानतील. पण पर्थचा तो एक बळीही त्याच न्यायाने वर सरकतो. जामठ्यावर भाळणारे आणि पर्थवरून निकाल देणारे, दोघेही एकाच सामन्यावर विसंबले.