शेजारच्या खोलीतली खुर्ची

१९४८ सालचा एक फोटो आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाचा वर्ग. गोरी मुलं रांगेत बसलीत, आणि त्यांच्यापासून तुटक, लगतच्या छोट्या खोलीत, दारातून फळा दिसेल अशा बेताने, एक सुटाबुटातले गृहस्थ बसलेत.

त्यांचं नाव जॉर्ज मॅकलॉरिन. एमए झालेले, आयुष्य शिकवण्यात गेलेलं, आता शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेले. कोर्टाने आदेश दिला म्हणून विद्यापीठाने प्रवेश दिला. पण राज्याच्या कायद्यात होतं, की कृष्णवर्णीयाला शिकवायचं तर वेगळं बसवून. मग वर्गासाठी शेजारची खोली. लायब्ररीत वाचनकक्षाऐवजी मधल्या माळ्यावर ठरवून दिलेलं टेबल. कँटीनमध्ये वेगळं टेबल, तेही बाकीच्यांच्या वेळा सोडून.

ऑफिसच्या बसमध्ये मोबाइलवर मी तो फोटो झूम करकरून पाहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन दिलं होतं, परमिशन सगळ्या काढून घेतल्या होत्या.

त्या खुर्चीपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली होती, आणि त्यामागे मुख्यतः एका माणसाचं डोकं होतं. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. बाबासाहेब कोलंबियात शिकत होते त्याच सुमारास, १९१५ साली, हा अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजातून बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात अधिकारी म्हणून गेला. तिथे गोऱ्या अमेरिकन सैनिकांनी कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना जी वागणूक दिली ती पाहून त्याने ठरवलं, परत जाऊन कायदा शिकायचा. हार्वर्डला गेला, तिथल्या लॉ रिव्ह्यूचा पहिला कृष्णवर्णीय संपादक झाला.

१९२९ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचं लॉ स्कूल त्याच्या हाती आलं. तेव्हा ते संध्याकाळचं कॉलेज होतं, दिवसा नोकरी करणाऱ्यांचं. ह्यूस्टनने संध्याकाळचे वर्ग बंद केले आणि अभ्यास इतका कडक केला की मुलं त्याला 'आयर्न शूज' म्हणायची. वकील एकतर सोशल इंजिनियर असतो नाहीतर समाजावरचं बांडगूळ, असं तो सांगायचा. (इंजिनियर या शब्दाचा इतका चांगला उपयोग आमच्या चार वर्षांत कुणी केला नाही.) इथेच थर्गुड मार्शल शिकला. घराजवळच्या मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं दार कृष्णवर्णीयांना बंद, म्हणून बाल्टिमोरहून रोज वॉशिंग्टनला ये-जा. १९३३ साली वर्गात पहिला आला.

आता ह्यूस्टनची खेळी बघा. १८९६ पासून सुप्रीम कोर्टाचा नियम होता 'वेगळं पण समान'. हा नियम चुकीचा आहे असं तोंडावर सांगून कोर्ट ऐकणार नव्हतं. ह्यूस्टन म्हणाला, ठीक, मग समान द्या. प्राथमिक शाळांत वेगळी इमारत दाखवून वेळ मारून नेता येते. लॉ स्कूलचं काय? दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गोऱ्यांचं एक होतं आणि कृष्णवर्णीयांचं शून्य. दोन-चार विद्यार्थ्यांसाठी दुसरं उभारायचं तर खर्च परवडणारा नाही. आणि निकाल देणारे न्यायाधीश स्वतः लॉ स्कूलमधून आलेले, तिथे काय मिळतं हे त्यांना समजावून सांगायची गरज नाही. म्हणून सुरुवात वरून, उच्च शिक्षणापासून. १९३५ मध्ये मेरीलँडचं ते दार उघडलं. केस लढवली होती ह्यूस्टन आणि मार्शलनेच.

मिसूरी राज्य म्हणायचं, तुमची फी आम्ही भरतो, शेजारच्या राज्यात शिका. लॉइड गेन्स कोर्टात गेला आणि १९३८ मध्ये जिंकला. राज्याने घाईघाईने वेगळं लॉ स्कूल काढलं. १९३९ च्या मार्चमध्ये गेन्स शिकागोत पोस्टाची तिकिटं आणायला जातो म्हणून बाहेर पडला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

टेक्सासमध्ये हेमन स्वेट हा पोस्टमन होता. १९४६ मध्ये त्याने टेक्सास विद्यापीठात अर्ज केला, तर राज्याने त्याच्यासाठी ऑस्टिनमध्ये एका तळघरात लॉ स्कूल थाटलं, पुढे ते दुसऱ्या शहरात हलवलं. केस सुप्रीम कोर्टात पोचेपर्यंत हिशेब असा होता: गोऱ्यांकडे पूर्णवेळ प्राध्यापक १६, विद्यार्थी ८५०, पुस्तकं ६५ हजारांवर. इकडे प्राध्यापक ५, विद्यार्थी २३, पुस्तकं साडेसोळा हजार.

पण कोर्ट पुस्तकं मोजून थांबलं नाही. ५ जून १९५० ला स्वेट आणि मॅकलॉरिन दोघांचे निकाल एकाच दिवशी, एकमताने आले. स्वेटच्या निकालात म्हटलं, की लॉ स्कूलमध्ये न मोजता येणाऱ्या गोष्टी असतात: माजी विद्यार्थी, नावलौकिक, परंपरा. राज्यातले ८५ टक्के लोक, म्हणजे उद्याचे बहुतेक वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश, ज्या कॉलेजात नाहीत तिथे वकिली कशी शिकणार? मॅकलॉरिनच्या केसमध्ये ओक्लाहोमाने तोवर हॉटफिक्स मारले होते. खुर्ची वर्गात आणली होती, पण कृष्णवर्णीयांच्या रांगेत. कँटीनची वेळ एक केली, टेबल मात्र वेगळंच. प्राध्यापक तेच, पुस्तकं तीच. तरी कोर्ट म्हणालं, इतरांशी चर्चा करता येत नसेल, तर त्याच्या शिकण्यातच अडथळा येतो.

हे वाचताना मी थांबलो. पहिल्या वर्षी आमच्या होस्टेलवर नावानंतरचा प्रश्न असायचा, "सीईटीला किती?" मार्कांत कुणाला रस नव्हता, कॅटेगरी काढून घ्यायची असायची. मीही विचारलाय. माझ्या मजल्यावरच्या एका मुलाने सरळ खरं उत्तर दिलं. त्यानंतर सबमिशनच्या आदल्या रात्री ज्या खोलीत फाइली फिरायच्या, सीनियर येऊन कुठल्या कंपनीत काय विचारतात ते सांगायचे, त्या खोलीत त्याला कुणी बोलावलं नाही. लॅब तीच होती, मेस तीच होती. 'येऊ नकोस' असं कुणी म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. मी फक्त दार लावून घेतलं होतं, डास येतात म्हणून.

ह्यूस्टनला हे निकाल बघायला मिळाले नाहीत. दीड महिना आधी, एप्रिलमध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी तो गेला. चार वर्षांनी मार्शलने याच दोन निकालांवर उभं राहून शाळांची केस जिंकली. 'न मोजता येणाऱ्या गोष्टी' कॉलेजला लागू, तर सात वर्षांच्या मुलाला का नाही? १९५४ चा ब्राउन निकाल तो. प्रवेशाचा वाद त्याने मिटला नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश द्यायची पद्धतच मोडीत काढली.

आणि स्वेट? १९५० च्या सप्टेंबरमध्ये तो टेक्सास विद्यापीठात दाखल झाला. चार वर्षं खटल्यात गेली होती, तब्येत ढासळली होती, संसार मोडत होता. तो नापास झाला आणि १९५२ मध्ये त्याने कॉलेज सोडलं. नंतर त्याने समाजकार्यात मास्टर्स केलं. पदवी मिळाली १९५४ साली, ब्राउनच्याच वर्षी, अटलांटा विद्यापीठातून. ते कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ होतं.